गार खोलीतली लेबलं

सुरतजवळच्या कामरेजच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आंबरसाच्या प्लास्टिकच्या डब्यांना लेबलं लावायचं काम माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या जावेकडे. एकदा काय झालं, गोठलेल्या डब्यांवरून लेबलं गळायलाच लागली. केसर कुठला नि हापूस कुठला, कोणाला कळेना. शेठने तोंडावर सांगितलं, "बेन, टिकनेवाला लेबल ढूंढो. नहीं तो मैं छपे हुए डिब्बे मंगवाता हूँ."

म्हणजे आम्हा दोघींची सुट्टी! घरचे पुरुष ज्या कापडाच्या मागांवर कामाला, ते आधीच अर्धे दिवस बंद. माझं धाबं दणाणलं.

मी नमुने गोळा केले. एक मेलं गार खोलीत जायच्या आधीच वाकडं झालं. दुसऱ्याची शाई ओल्या अंगठ्याने फिसकटली. तिसरं कतारगामच्या दुकानदाराने दिलं, खास फ्रीजरच्या गोंदाचं. "डबा कोरडा पाहिजे, दाबून लावा," एवढंच तो म्हणाला. जाव डबे पुसून देत गेली, मी दाबून लावत गेले. मग डबे आत ठेवले.

सकाळी शेठ स्वतः आला. पहिल्या डब्याला त्याने नख लावलं आणि लेबल सरळ हातात आलं. दुसरंही तसंच. त्याने छापील डब्यांच्या माणसाला फोन लावायला मोबाइल काढला. मी गळालेलं लेबल उलटून बघितलं. गोंद लालसर होता. बोटाला खोबरेलाचा वास!

मी जावेकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

"मी दर डबाले कुकू लायं व्हतं ताई, तेलमा कालाईसन," ती पुटपुटली. "आपलं काम टिको म्हनीसन. मंग पुशी टाकं."

"अगं भवाने!" मी दातओठ खाल्ले. "काम टिकायला की घालवायला?"

तेवढ्यात शेठने शेवटच्या डब्याला नख लावलं. लेबल हलेना. त्याने जोर केला तर कागद फाटला, गोंद तिथेच.

"ये कैसे चिपका?"

जाव मान खाली घालून म्हणाली, "त्याले कुकू लावानं मी इसरी गयी."

शेठला अहिराणी कळत नाही, नशीब आमचं. मी हिंदीत म्हटलं, तो एकच डबा नीट कोरडा होता, बाकीच्यांना तेलाचे हात लागले. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि त्याच लेबलाची ऑर्डर दिली.

दिवसभर मी तिच्याशी धड बोलले नाही. संध्याकाळी रिक्षात ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, देवनी मनं आयकं का नही?"

माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी तिचा हात धरला. म्हटलं, "ऐकलं ना गं. म्हणून तर तुला एक डबा विसरायला लावला."