उसनं नाक

त्या दिवशी त्यांनी पिंपातून वाईन काढली, ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. त्यांना वास आला नाही.

ताप येऊन गेल्याला तीन आठवडे झाले होते. त्या काळात पुष्कळांचा वास गेला आणि परतला. त्यांचा परतला नाही.

बुटीबोरीच्या पलीकडे एका छोट्या वायनरीत ते वाईन करत. मी तिथल्या कचेरीत पत्रं आणि बाटल्यांवरच्या लेबलांचा मजकूर लिहीत असे. हातात कायम पुस्तक, म्हणून ते मला मास्तर म्हणत. तुमच्याही कामावर असा एखादा माणूस असेल, ज्याला डबा उघडायच्या आधीच आतलं कळतं. "आज जवसाची चटणी हाय, अन् वहिनीनं लसूण करपवला," ते दारातूनच सांगत. लसूण करपलेला असे.

वाईन ते तोंडात फिरवून नालीत थुंकत. "पेला का माणूस खोटं बोलते," म्हणत.

त्यांचा जीव एका धाकट्या पिंपात होता. ओकच्या लाकडाचं पिंप. बाकी वाईन स्टीलच्या टाक्यांत राहायची, ही लाल वाईन मात्र त्यांनी हट्टानं लाकडात घातली होती. मे महिन्यात पिंपावर ओली तरटं टाकायची, आटेल तेवढी वरून भरायची, म्हणजे आत हवा राहून वाईन आंबत नाही. लाकूड वाईनचा तुरटपणा मऊ करतं आणि आपला वासही तिला देतं. लवकर काढली तर ती कच्ची, उशिरा काढली तर द्राक्ष मरतं. ती वेळ नाकानंच ओळखायची. "रिटायर होच्या आधी हे एक पिंप मले नीट काढू द्या," एवढंच त्यांनी मालकांकडे मागितलं होतं.

वास गेल्यावर दर शनिवारी त्यांचा ग्लास माझ्यापुढे येऊ लागला.

"काय येऊन राहिलं, मास्तर?"

"व्हॅनिला. थोडा धूर. काळी फळं."

"हे तं लेबलवरचं झालं. ग्लासात काय हाय ते सांगा नं!"

मी पुन्हा हुंगायचो. जांभळाची बी चोखल्यासारखं, म्हणायचो. आणि सुताराच्या दुकानासारखं.

"आता कसं! जांभूळ पुढं हाय का सुतार?"

"सुतार."

"मंग थांबा."

एका शनिवारी दोन्ही असे एकत्र आले की वेगळे काढता येईनात. हीच ती वेळ, मला कळलं. पण माझ्या एका शब्दावर त्यांचं पिंप रिकामं करायचं, याची मला भीती वाटली. मी म्हणालो, "थोडं थांबू या."

"थांबू. नाक तुमचं."

पुढच्या शनिवारी मी तेच म्हणालो. त्याच्या पुढच्याही. मालक चिडवायचे, "यंदा तरी लग्न होईल का या पिंपाचं?" ते माझ्याकडे बोट दाखवायचे, "मुहूर्त मास्तर काढतीन." मी हसायचो.

एकदा मात्र त्यांनी ग्लास आपटलाच. "काहून सांगत नाही गा तुमी? मले वास आला असता तं एका मिनिटात सांगतलं असतं!" मग आवाज उतरला. "पाहा, एकदा अजून पाहा." मी पाहिलं. जांभूळ मागे सरकू लागलं होतं. तेही मी सांगितलं नाही.

जानेवारीत ते गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत दुखलं, इतकंच. तेरावं झाल्यावर मालकांनी पिंप उघडायला लावलं. ग्लासात सुताराचं दुकान होतं. दुसरं काही नव्हतं.

त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला विचारलं, "त्यायची वाईन झाली का हो चांगली?"

मी त्यांना खरं सांगितलं. वेळ कधी आली होती, आणि मी काय म्हणालो ते.

"त्यायले ठावं होतं," काकू म्हणाल्या. "घरी येऊन म्हणत, झाली हाय वाटते, मास्तर भेऊन राहिला. मी म्हटलं, मंग काढा नं तुमी. तं म्हणे, वास त्याले येते, मले नाही. त्यानं सांगतल्याशिवाय कसं काढू?"

याचा मला अजून राग येतो. माझा तर येतोच, पण त्यांचाही येतो. इतकं कशाला मानायचं कुणाला?

मालकांनी त्या पिंपातल्या वाईनच्या बाटल्या माझ्या घरी पाठवून दिल्या. चाळीस आहेत. लेबल मी अजून लिहिलेलं नाही.