वस्तीतल्या नळाचा ठराव

"कोरम न्हाय म्हंजे काय वो, भाऊसाहेब?" सरपंच शेवंताबाईंनी विचारलं.

मीटिंगची वेळ टळून गेली होती. पंचायतीच्या हॉलमध्ये त्या आणि मी, दोघंच. मी ग्रामसेवक, म्हणजे पंचायतीचा सेक्रेटरी. पगार सरकारचा, मताचा अधिकार शून्य.

"निम्मे मेंबर हजर नसतील तर ठराव होत नाही," मी म्हणालो.

नेसरीच्या पलीकडचं हे गाव, काळ नव्वदच्या दशकातला. गावात दोन गट आणि दोघांत विस्तव जात नव्हता. सरपंचपद मागासवर्गीय महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा एका गटानं बौद्ध वस्तीतल्या शेवंताबाईंना पुढं केलं. बाईनं सह्या कराव्यात आणि घरी जावं, एवढीच अपेक्षा. पण बाईंनी मला विचारलं, पंचायतीला पैसा येतो कुठनं? मी सांगितलं, घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान. स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठीच खर्च करायचे, असा नियम. आजवर ते वस्तीच्या नावानं खर्ची पडायचे आणि मुरूम पुढाऱ्यांच्या दारात पडायचा.

"मग औंदा वस्तीत नळ द्या," बाई म्हणाल्या. वस्तीतल्या बायका ओढ्याच्या झऱ्यावरनं पाणी आणत होत्या. नळाचा विषय अजेंड्यावर आला आणि मेंबर यायचे बंद झाले. दोन्ही गटांचे.

हॉलला कुलूप लावताना बाई म्हणाल्या, "घरला चला, चा घ्या." मी नको म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. मग सांगावं लागलं, की मी गावात कुणाकडंच चहा घेत नाही. एका गटाकडं घेतला की दुसऱ्या गटाचा वैरी. भाड्याच्या खोलीत एकटाच करून खायचो, दिवसभर कामाशिवाय शब्द नाही. फार जड जायचं ते.

"म्हंजे तुमी बी माझ्यावानीच की," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडं चहा घेतला.

तालुक्याला बीडीओ साहेबांकडं गेलो.

"मीटिंग तहकूब करून पुढची तारीख द्या. तिला कोरम लागत नाही," साहेब म्हणाले.

"पण ठराव मांडायला एक मेंबर आणि अनुमोदनाला दुसरा लागतो, साहेब. बाई एकट्या आहेत."

"मग बघा बाबा. आणि गावाच्या भानगडीत पडू नका."

तहकूब मीटिंगलाही आम्ही दोघंच. बराच वेळ गेला. मी कागद आवरायला घेतले, तेवढ्यात समोरचे किराणा दुकानदार शिवाप्पा आत आले. तेही मेंबर, जातीनं लिंगायत.

"अनुमोदक म्हनून माझं नाव घाला," ते म्हणाले. "बाईमानूस एकटी बसल्याली दर मीटिंगला दुकानातनं बघतोय. बघवंना."

ठराव झाला, पाइप पडले, वस्तीत पाणी आलं. शिवाप्पांचं गिऱ्हाईक मात्र तुटायला लागलं, आणि ते पुन्हा मीटिंगला आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

माझी बदली झाली. साहेब म्हणाले, "तुमचे दोन्ही पुढारी आले होते तक्रार घेऊन. एकाच जीपमधनं."

"एकाच?"

"हो. सरपंचाच्या घरी तुमची ऊठबस असते म्हणे."

ग्रामसेवकानं गावात एकी घडवावी, असं ट्रेनिंगमध्ये सांगायचे. ती मी घडवली, असं म्हणायला हरकत नाही.

निघायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर फक्त शेवंताबाई आल्या. डोळ्यांत पाणी, आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत.

"वस्तीला पानी मिळालं, भाऊसाहेब, लई झ्याक झालं. पर आता मीटिंगला मी कुनासंगं बसू?"

नवीन ग्रामसेवक सोमवारी हजर होतील, एवढं सांगून मी गाडीत चढलो.