अण्णांसाठी चामड्याचा सोफा

अण्णांना लकवा मारला तेव्हा ते घरी होते, याचंच आई पुष्कळ दिवस समाधान मानायची. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. वसमत डेपोत ड्रायव्हर म्हणून त्यांची उभी हयात गेली. भरली गाडी चालवताना हे झालं असतं तर, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. डावं अंग पार गेलं होतं. जीभ जड झाली, पण बोललेलं समजायचं.

हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी रोज बसनं जवळा बाजारला शाळेवर शिकवायला जायचे. घरात दिवसभर ती दोघंच.

समोरच्या खोलीला आम्ही बैठक म्हणायचो. तिथं कापडी सोफा होता, पाठीवर आईनं विणलेले रुमाल टाकलेले. दवाखान्यातून आणल्यावर अण्णांना आम्ही तिथंच बसवायचो. संध्याकाळी डेपोतली माणसं यायची, गप्पा चालायच्या. एकदा असेच सगळे बसलेले असताना अण्णांना लघवी झाली. त्यांना ते कळलंच नाही. ओल सोफ्यावरून फरशीवर उतरली. शेजारी त्यांचा जुना कंडक्टर बसला होता. तो झटकन उठला आणि पँट मागून चाचपू लागला. कुणी हसलं नाही. "येतो मग" म्हणत सगळे एकदमच निघाले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर अण्णा बैठकीत आले नाहीत. मधल्या खोलीत खाटेवर पडून राहायचे. कुणाचा आवाज आला की म्हणायचे, "झोपलो म्हणून सांग." हळूहळू लोक यायचे बंद झाले. मग जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की तोंड मिटून घ्यायचे. पाठीला जखम झाली. आई सोफ्याच्या गाद्या धुवायची, उन्हात टाकायची, ऊद जाळायची. वास जायचा नाही. एकदा शाळेतून आले तर ती त्या ओल्या गादीला काठीनं बडवत होती. हात थांबत नव्हता. मी काठी धरली तेव्हा म्हणाली, "हे माणूस माझ्या डोळ्यांसमोर मरून राहिलं गं, अन् मी गाद्या वाळवून राहिले."

दुसऱ्या दिवशी तिनं तो सोफा बाहेर काढला आणि बस स्टँडामागं ट्रकच्या सीट शिवणाऱ्या चाचांकडं गेली. ते अण्णांचे दोस्त. आईनं रेग्झिनचा सोफा मागितला.

"भाभी, रेग्झिन उन्हाळ्यात पाठीला चिकटतं," चाचा म्हणाले. "जखम अजून चिघळंल. म्हशीचं चमडं लावू. वरून पक्का रंग देतो. पाणी पडलं की पुसून घ्यायचं. पण तुमच्या घरात चालंल का ते बघा."

आई म्हणाली, "चालंल."

चाललं नाही. चामड्याचं कानावर गेलं आणि कुरुंद्याहून आत्या आल्या, अण्णांची थोरली बहीण. बैठकीच्या कोपऱ्यात आमचं देवघर होतं. त्या दारातच थांबल्या.

"देवाच्या समोर जनावराचं कातडं मांडतीस? तुला काही वाटतं का न्हाई?"

"आक्का, देव सैपाकघरात नेते," आई म्हणाली. "माणूस तसाच मागं टाकून दिलाय, तो तेवढा पुढं आणू द्या."

आत्या पाणीही न पिता परत गेल्या. आईनं त्याच दुपारी देव हलवले.

मग तिनं बैठकीचा ध्यासच घेतला. भिंतींना फिका हिरवा रंग दिला. खिडकीला नवे पडदे शिवले. एक जाड पडदा तिनं खोलीच्या मधोमध दोरीवर लावला. कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. गल्लीत हळद शिजत होती, सगळीकडं तोच वास, आणि घरात ताज्या चामड्याचा. सोफा गडद तपकिरी होता, सोबत त्याच चामड्याची, उंच हातांची एक खुर्ची. अण्णांच्या चांगल्या हाताला आधार मिळावा म्हणून आईनं ती चारदा जागची हलवली. बायका बघायला यायच्या. "साहेबाच्या बंगल्यावानी दिसायलं," म्हणायच्या. आई हसायची नाही.

अण्णांनी यायला नकार दिला. आम्ही त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, ती ओढत ओढत बैठकीच्या दारापर्यंत आणली. तिथं त्यांनी उजव्या हातानं चौकट घट्ट धरली.

"मला माघारी न्या. हे पण खराब करू का?"

आई सैपाकघरात गेली, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली आणि त्या कोऱ्या खुर्चीवर सगळा उपडा केला. मी ओरडलेच. तिनं जुन्या लुगड्याच्या फडक्यानं चामड्याची गादी पुसली, खुर्चीचे हात पुसले, फरशी पुसली. मग स्वतः त्या खुर्चीत बसून उठली आणि अण्णांकडं पाठ केली.

"कुठं ओलं हाय, सांगा."

"पाणी अन् ते सारखं हाय का?"

"मला सारखंच हाय," आई म्हणाली. "तुमी तिकडं तोंड करून पडल्यापासून मला या घरात बोलायला कुणी न्हाई. मी कुणासंग बोलू?"

अण्णांचा चेहरा एका बाजूनं वाकडा झालेला. रडताना तो आणखीच वाकडा झाला. त्यांनी चौकट सोडली.

कंडक्टरला बोलवायला आई स्वतः डेपोत गेली. तो आला, खाली मान घालून बसला. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. आईनं पडदा ओढला. कंडक्टर उठला तसं मला वाटलं, आता हाही निघाला. पण तो पडद्याच्या आत गेला, अण्णांना खांद्याला धरून उचललं, आणि आई पुसत असताना औंढ्याच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीचं सांगत राहिला. अण्णांनी आतूनच विचारलं, "डिझेल संपलं का काय?"

तो उन्हाळा त्यांनी बैठकीत काढला. खाणं थोडं वाढलं, जखम मात्र भरली नाही. पावसाळ्यात दुसरा झटका आला आणि नांदेडच्या दवाखान्यात ते वारले.

घर माणसांनी भरून गेलं. सगळं आटोपल्यावर मी आईला विचारलं, त्यांचं काही खरं नाही हे तुला कधी कळलं?

"डॉक्टरनं पहिल्यांदाच सांगितलं होतं. आता हे सुधरायचे न्हाईत म्हणून."

"मग एवढं सगळं काहून केलंस?"

ती पाहुण्यांच्या कपबशा विसळत होती. "माणूस गेल्यावर लोक येतातच बसायला," ती म्हणाली. "मला ते जिते असताना लोक यायला पायजे होते."