गुडघ्यांत धरायचं वाद्य

वाळूजच्या कंपनीनं मला नवी मशीन शिकायला जर्मनीला पाठवलं आणि लोक येताना चॉकलेटं आणतात तिथं मी भलतंच काही घेऊन आलो. तिकडं ज्या म्हाताऱ्या बाईंकडं भाड्यानं राहायचो, त्या व्हायोल वाजवायच्या. व्हायोलिन नव्हे, व्हायोल. व्हायोलिनचा बोलबाला होण्याआधी तिकडच्या घरांत या वाद्यांचं अख्खं कुटुंब नांदायचं: लहान, मधलं आणि थोरलं. सहा तारा, मानेवर सतारीसारखे बांधलेले पडदे, आणि वाजवायचं गजानं. बाईंनी मला शिकवलं, आणि निघताना आपलं जुनं थोरलं व्हायोल माझ्या हवाली केलं.

बजाजनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते पेटीतून काढलं तेव्हा आईनं आधी हात जोडले. आई अजिंठ्याकडची, म्हशी विकून नुकतीच आमच्याकडं राहायला आलेली. मग मी खुर्चीत बसून व्हायोल दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि तिचे जोडलेले हात सुटले.

"अरं, वाद्य पायात धरतेत व्हय? सरस्वती हाय ती."

मी सांगितलं, की या कुटुंबातलं धाकटं वाद्यसुद्धा असंच धरतात. ती म्हणाली, मग अख्खं कुटुंबच बिघडलेलं हाय. खालच्या मजल्यावरच्या चाचींना तिनं पंच म्हणून बोलावलं. चाची ईदला शीरखुर्मा आणणाऱ्या, माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. त्यांनी व्हायोलकडं निरखून पाहिलं. "सारंगी की नानी दिखती," त्या म्हणाल्या, "पर हमारे में बी किताब कू पाँव नई लगने देते."

निकाल लागला. तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात हे तर मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

मला फार वाईट वाटलं. ते वाद्य माझ्या जिवाचं झालं होतं. पण नव्या घरात आधीच परकी वाटणाऱ्या आईचं मन मोडून ते वाजवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मग मी नाही नाही ते प्रकार केले. खांद्याला लावून पाहिलं, तर दाराच्या चौकटीला धडकलं. टेबलावर आडवं ठेवलं, तर बायकोनं त्यावर वाळवणाचं फडकं टाकलं. फक्त गज धरायची पद्धत आईला पसंत होती, कारण व्हायोलचा गज तळवा वर करून धरतात. "हात तरी बरा हाय, तीर्थ घेतल्यावाणी," ती म्हणायची.

एका संध्याकाळी आई समोर शेंगा फोडत बसली होती आणि मी गिटारसारखं ते मांडीवर आडवं घेऊन खटपट करत होतो. व्हायोल घसरलं. पार फरशीकडं निघालं.

"गुडघ्यात आवळ की!" आई ओरडली.

मी आवळलं. वाद्य वाचलं. आई शेंगा हातात धरून माझ्या गुडघ्यांकडं बघत राहिली.

"चरवी घसरली की तुझ्या मामीवर असंच वरडायचे मी," ती सावकाश म्हणाली. "धार काढताना चरवी गुडघ्यातच धरतेत. दुधाला पाय लागला असं कोणी म्हणलं नाय कधी."

मी व्हायोल गुडघ्यांत सरळ उभं केलं.

"वाजव," ती म्हणाली.

मी सगळ्यांत जाड तार वाजवली. आईचे डोळे भरून आले. काळी म्हईस रेडकाला असाच आवाज द्यायची, असं तिचं म्हणणं पडलं. मी तीच तार पुन्हा वाजवली.

दसऱ्याला आईनं मोटारसायकल, मिक्सर आणि व्हायोल यांना हळदकुंकू वाहिलं. मी वाजवायला बसलो तर ती ताट घेऊन परत आली, खाली वाकली, आणि माझ्या नव्या पँटीच्या दोन्ही गुडघ्यांवर कुंकवाचं एकेक बोट लावलं.

"हे बी वाद्यातच आलं," ती म्हणाली. "वाजव आता."