व्याह्यांची बॅट
जवसाच्या तेलाचा वास आला की कासू गावच्या मिठागरालगतचं आमचं मैदान आठवतं. शेजारच्या चाचांचे इंग्रज व्याही आपल्या लेकीकडे, म्हणजे चाचांच्या सुनेकडे, आले होते. तिकडे वर्षानुवर्षं काउंटी क्रिकेट खेळलेला माणूस, तेल पाजलेली स्वतःची बॅट घेऊन उतरला आणि पहिलाच चेंडू त्यांनी थेट मिठात टोलवला. आम्ही "सिक्सर!" म्हणून ओरडलो, तर अंपायर असलेल्या चाचांनी बोट वर केलं. "मिठात गेला का आउट! पिकलेला मीठ कोण तुडवील? व्याही असला तरी नियम हाय!" व्याही गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. हे इंग्रजीत कसं सांगावं, मला सुचेना. शेवटी ते चालत आले, बॅट माझ्या हातात दिली आणि घराकडे निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. बॅट अजून माझ्याकडे आहे. बक्षीस दिली, रागाने दिली, की पुढची बॅटिंग माझी होती म्हणून नुसती दिली, मला अजून कळलेलं नाही.