आक्कांनी ठोकलेला खिळा

दाजींचा फोन आला की आमच्या घरात एकच प्रश्न विचारला जायचा, "आता काय आलं?" दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, आक्कांचे यजमान. माजलगावला राहणारे आणि बोलण्यात कमालीचे काटकसरी. ख्यालीखुशाली विचारायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. "बसमधी ठिवलंय. कंडाक्टरला सांगितलंय. उतरून घ्या," एवढं बोलून फोन बंद. मग आमचे हे बियाण्याचं दुकान तसंच उघडं टाकून वडवणीच्या बसस्थानकावर धावायचे आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं, काखेत न मावणारं काहीतरी घेऊन परतायचे. ते काहीतरी म्हणजे आक्कांनी घरच्या घरी केलेलं, भिंतीवर लावायचं नवं चित्र. त्यामुळे काही आठवड्यांपूर्वी सकाळीच दाजींचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी सवयीनं म्हणाले, "काय दाजी, आज कोणती बस?" ते म्हणाले, "आज बस न्हाई, सुनंदाबाई. तुमच्या आक्का गेल्या."

फोन ठेवला आणि मी पहिल्यांदा पाहिलं ते बैठकीतल्या भिंतीकडे. दारातून आत आलं की समोर दिसते ती भिंत. पांढरी, कोरी. तिच्यावर काही नव्हतं, फक्त एक खिळा होता. आक्का कोण होत्या हे सांगायचं तर त्या खिळ्यापर्यंत जावं लागेल, पण सुरुवात मोरापासून करते, कारण आमचं पहिलं भांडण मोरावरून झालं.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आक्का पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी नव्या भावजयीचं तोंड पाहायच्या आधी भिंती पाहिल्या. एका भिंतीला ओल आली होती, पोपडे सुटले होते. आक्कांनी त्या ठिकाणी हात ठेवला, वीत टाकून बघितली आणि म्हणाल्या, "हितं मोर बसंल." महिन्याभरानं मोर आला. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर बाभळीच्या डिंकानं चिकटवलेल्या डाळी. मान हिरव्या मुगाची, पोट मसुराचं, डोळा काळ्या उडदाचा आणि पिसारा तुरीचा. खरं सांगते, देखणा होता. पण पावसाळ्यात त्याला किडे लागले. आधी मान भुसभुशीत झाली, मग रोज सकाळी केर काढताना मला मोराचा थोडा थोडा भाग सुपलीत मिळू लागला. शेवटी एका उंदरानं पिसाऱ्याकडून सुरुवात करून त्याला पार बदक करून टाकलं. मी आक्कांना जरा खवचटपणेच कळवलं. त्यावर ही बाई काय म्हणाली असेल? "जित्ता वाटला म्हणून खाल्ला की गं. दुकानातल्या छापील चित्राला लागत्यात का किडे?"

दुकानातल्या चित्रांवर त्यांचा भारी राग. आमच्या शेजारणीनं बर्फाच्या डोंगराचं मोठं चित्र विकत आणलं तर आक्का चार दिवस अस्वस्थ होत्या. "आपल्या हितं बरफ बघायचा तर रसवंतीवर बघावा. त्यो भितीवर कावून?" विकत आणायचं नाही हा त्यांचा पहिला नियम आणि टाकून द्यायचं नाही हा दुसरा. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीला राहिलेली बोंडांची टरफलं रंगवून त्या फुलं करायच्या. बाजारात कासाराच्या चटईखाली जमा झालेले बांगड्यांचे तुकडे पदरात भरून आणायच्या. बांगडी फुटली असं म्हणू द्यायच्या नाहीत, बांगडी वाढली म्हणायचं. "वाढल्याली चीज टाकून कशी द्यायची?" हा त्यांचा बिनतोड सवाल. दाजींच्या साखर कारखान्यातल्या नोकरीचा पगार बरा होता, नड अशी काही नव्हती. पण फुकटातून देखणं काही झालं की त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरायचं, ते सोन्याच्या पाटल्या केल्या तेव्हाही मी पाहिलं नाही.

मापं मात्र त्या हाताच्या वितीनंच घ्यायच्या. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात फोडणीच्या डागांनी एक कोपरा काळा झाला होता. तो झाकायला आक्कांनी माजलगावच्या सुताराला तोंडी माप सांगितलं, इतक्या विता रुंद, इतक्या विता उंच आणि वर चार बोटं. सुतार हाडापेरानं दणकट. त्यानं स्वतःची वीत टाकली. चौकट आली ती बसच्या टपावरून, आणि आमच्या दारातून आडवी काय, उभीही आत येईना. आक्का तडक सुताराकडे गेल्या. तो म्हणाला, "वीत म्हंजी वीतच की, आक्का. तिच्यात दोन जाती असत्यात का?" आक्का म्हणाल्या, "तू रंधा मारतुस आन् मी पोळ्या लाटते. आपला हात एक हाय का, मुडद्या?" ती चौकट अर्थातच वाया गेली नाही. तिच्यावर जुनं धोतर ताणून सासूबाईंनी पुढची कित्येक वर्षं कुरडया वाळवल्या. आणि आक्कांनी त्या दिवसापासून सुतळी धरली. भिंतीला सुतळी लावायची, जिथं माप संपेल तिथं गाठ मारायची आणि ती सुतळीच सुताराच्या हातात द्यायची. मी गणिताची शिक्षिका, माझ्या पर्समध्ये कायम टेप असायचा. तो पुढे केला की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. आकडे इसरत्यात, गाठ इसरत न्हाई."

मग आम्ही वडवणीत स्वतःचं घर बांधलं आणि लढाई खऱ्या अर्थानं पेटली. माझी बाजूही ऐकून घ्या. दिवसभर वर्गात भरलेला फळा बघायचा, तो पुसायचा, पुन्हा भरायचा. अशा बाईला घरी आल्यावर डोळ्यांसमोर एक तरी जागा कोरी हवी असते. बैठकीतली ती भिंत मी मुद्दाम मोकळी सोडली होती. वास्तुशांतीला आक्का आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या आणि लग्न न जमलेल्या पोरीकडे बघावं तसं त्या भिंतीकडे बघू लागल्या. म्हणाल्या, "दवाखान्यात आल्यावानी वाटतंय गं." मी म्हणाले, "आक्का, सगळं घर तुमचं, पण ही भिंत मोकळी राहू द्या." झालं! त्या दिवसापासून ती भिंत मिळवणं हे त्यांच्या आयुष्याचं ध्येय झालं आणि ती राखणं हे माझ्या.

एकामागून एक चित्रं येऊ लागली. उसाच्या चिपाडांची बैलगाडी आली, ती मी जिन्यात लावली. बोंडांच्या टरफलांचा गुलदस्ता आला, तो गेला झोपायच्या खोलीत. लग्नपत्रिकांचा गणपती आला तेव्हा मात्र मी जवळजवळ हरले होते. पत्रिकेवर देवाचं चित्र असतं म्हणून कुणी ती टाकत नाही. आक्कांनी साऱ्या नातेवाइकांकडच्या पत्रिका गोळा करून, त्यांवरचे छोटे गणपती कापून, त्यांचा एक मोठा गणपती केला होता. कानाच्या पाळीवर "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" हे अजून वाचता येत होतं. तोही मी देवघराबाहेर लावला, बैठकीत नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या गणपतीसमोर उभा राहून आपल्या घरची पत्रिका शोधायचा. ह्यांच्या चुलतभावाला आपल्या मुलीची पत्रिका थेट पोटात सापडली, तो खूश होऊन दोनदा चहा प्याला. त्याच्या बायकोच्या माहेरची कुठंच सापडली नाही, ती चहाला शिवली नाही. आक्कांना कळवलं तर त्यांनी पुढच्या बसनं एक जास्तीचा उंदीर पाठवला, तिच्या भावाच्या पत्रिकेतून कापलेला.

आणि मग तो खिळा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची गोष्ट. मी शाळेतून आले तर बैठकीत फरशीवर गिलाव्याचा चुरा, आक्का खुर्चीत बसलेल्या आणि हे हातात हातोडी घेऊन, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे उभे. भिंतीच्या बरोबर मध्यावर खिळा! बहीणभावाचा कट होता. मी काही बोलायच्या आत आक्काच म्हणाल्या, "खिळाच हाय की नुसता. चितर कुठं लावलंय?" मी इतकी चिडले होते की मला हसू आलं. शेवटी तह झाला. खिळा राहील, चित्र लागणार नाही. एकदा ह्यांनी त्या खिळ्याला टोपी अडकवली तर आक्का भावावर केवढ्यानं ओरडल्या! "काढ ती. ती जागा बोलून ठिवल्याली हाय." पुढे कितीतरी वर्षं त्या येत राहिल्या. खुर्चीत बसायच्या, खिळ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "मग?" मी म्हणायची, "नाही." मग आम्ही जेवायला बसायचो.

शेवटचं येणं झालं ते बीडच्या दवाखान्यातून परतताना. दाजींनी गाडी वडवणीला थांबवली. आक्का निम्म्या झाल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्याच खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून सुतळी काढली. "धर गं एक टोक." इतक्या वर्षांत त्यांना माप घ्यायला मी पहिल्यांदा मदत करत होते. त्यांचा हात वर जात नव्हता, म्हणून वरची गाठ मी मारली. मी म्हणाले, "आक्का, करा तुम्ही. या वेळी लावते मी. खरंच लावते." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की वर्गात चुकीचं उत्तर दिल्यासारखं वाटलं. "आजारी माणसाला हो म्हणू नको, सुनंदा. लई भ्या वाटतंय. तू न्हाई म्हण. तू न्हाई म्हणतीस म्हणून तर मी दर बारीला नवं काय तरी करती." मग सुतळीची गुंडाळी करत म्हणाल्या, "हां, आता सांग. मग?" मी कसंबसं म्हणाले, "नाही." तेव्हा त्या समाधानानं उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मोठ्यानं रडले.

तेरावं झालं. त्यानंतर काही दिवसांनी दाजींचा फोन आला. "बसमधी ठिवलंय. उतरून घ्या." आवाज तोच, शब्द तेच. हे धावत गेले आणि जुन्या लुगड्यातला गठ्ठा घेऊन आले. दोघांनी मिळून गाठी सोडल्या. आत चौकट होती. चारी बाजूंनी हिरव्या बांगड्यांचे तुकडे असे एकाला एक लागून बसवले होते की बोट फिरवलं तरी कुठं टोचत नव्हतं. आणि मध्ये काहीच नव्हतं. चित्र नाही, पुठ्ठा नाही, आरपार नुसती चौकट. ह्यांना वाटलं चित्र बसमध्येच निसटलं. ते पुन्हा स्थानकावर पळाले, बस निघायच्या बेतात असताना आत घुसले आणि सीटांखाली वाकून वाकून शोधलं. कंडक्टर वैतागून म्हणाला, "मालक, कसलं चितर हाय ते तरी सांगा." ह्यांना तेच सांगता येईना.

मी दाजींना फोन लावला. "दाजी, चित्र तिकडंच राहिलं वाटतं." दाजी म्हणाले, "न्हाई. हाय तेवढंच हाय." मग आयुष्यात पहिल्यांदा ते आपणहून पुढचं बोलले. "मी बी इचारलं तिला, मधी काय लावायचं? तर म्हणली, मधी काय न्हाई. मधली भित सुनंदाची हाय. तिला मोकळीच पायजे तर मोकळीच देती, पर मी करून देती." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "लई हासली त्या दिशी..."

चौकट अडकवायला सुतळी बांधलेली होती. तीच, आम्ही दोघींनी धरलेली. वरची गाठ माझी होती, ती मी ओळखली, कारण आक्कांची गाठ एवढी वेडीवाकडी नसायची. आम्ही ती खिळ्याला अडकवली. पांढऱ्या भिंतीवर हिरवी चौकट, आणि चौकटीत माझी पांढरी भिंत. मी समोरच्या खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिले. तीच भिंत होती. पण मला वाटतं, मी ती तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितली. आक्कांची मला फार आठवण येते, हे सरळ लिहिते. त्यांच्याशी भांडण्यात जी मजा होती ती दुसऱ्या कुणाशी गोड बोलण्यात मिळाली नाही.

आता घरी येणारा जो तो विचारतो, "चित्र पडलं का हो?" परवा शेजारीण बर्फाच्या डोंगराचंच एक लहान चित्र घेऊन आली. चांगल्या मनानं आणलं होतं बिचारीनं. चौकटीसमोर धरून म्हणाली, "बघा बाई, एकदम मापात बसतंय. लावायचं का?" मी म्हणाले, "नाही." आणि म्हणून झाल्यावर, सवयीनं, खुर्चीकडे वळून पाहिलं.