गाडीच्या थंड हवेसाठी लावलेला कौल

दिनांक १४ मे १९८७, गुरुवार. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी गाडीतील थंड हवा बंद पडली. तोंडवलीहून निघून अर्धा तास झाला होता. मागे माझी पत्नी पडून होती. तिच्या हृदयाला उकाडा सोसत नव्हता. महिन्यापूर्वी एसटीतून कुडाळला जाताना तिची शुद्ध हरपली होती. गोव्याच्या रुग्णालयात दोन महिन्यांतून एकदा येणारे तज्ज्ञ त्या दिवशी चारपर्यंतच भेटणार होते. म्हणून मुंबईच्या पुतण्याने वातानुकूलन बसवलेली आपली अ‍ॅम्बॅसेडर माझ्याकडे ठेवली होती.

मी तीस वर्षे जहाजांवरील शीतगृहांची यंत्रे सांभाळली आहेत. रस्त्याकडेच्या देवळापाशी गाडी थांबवली, पत्नीला सभामंडपात सावलीला बसवले आणि बॉनेट उघडले. पट्टा ठीक होता. कॉम्प्रेसर फिरत होता. सोबत ठेवलेले मापक लावले, तर दाब मात्र उतरलेला दिसला. जहाजावर अशा वेळी कारण बहुधा एकच निघे: गारवा आणणाऱ्या वायूत ओल शिरून झडपेच्या बारीक छिद्रात बर्फ धरणे. त्यावर उपाय म्हणजे सगळा वायू सोडून देऊन नवा भरणे. नवा वायू माझ्याजवळ होता. मात्र तो भरण्याआधी नळ्यांतील हवा खेचून काढणारा पंप नव्हता. तरीही उघडायचे मी ठरवले. बसून राहणे मला कधी जमले नाही.

"वारोच कमी येय होतो हो," पत्नी मंडपातून म्हणाली. "आधी वारो कमी झालो, मगे थंडी गेली."

"तुका काय कळता त्यातला? गप पड."

"माका नाय कळणा. पण देवाक इचारल्याशिवाय त्येका हात लावू नकात."

देवावर माझा अविश्वास नव्हता. मात्र यंत्राच्या कामात त्याला त्रास द्यावा असे मला वाटत नसे. तिचा चेहरा पाहून मी पाना हातात घेऊनच गाभाऱ्यापाशी गेलो. देवळाच्या गुरवांनी कौलासाठी पाषाणमूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या, म्हणजे कळे, लावल्या. उजवी पडली तर उघडावे, डावी पडली तर उघडू नये. मग त्यांनी गाऱ्हाणे घातले.

"बा म्हाराजा, ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत. गाडीतलो थंड वारो बंद पडलो. ता यंत्र खोलूचा काय नाय, तूच सांग."

"व्हय म्हाराजा," पत्नी म्हणाली.

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. दहा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. "घाई आसा," मी म्हणालो. गुरव म्हणाले, "तुमका आसा. तेका नाय." तासभर मी पाना धरून उभा होतो. इतका वेळ काहीही न करता मी पूर्वी कधी उभा राहिलो असेन, असे आठवत नाही.

तेवढ्यात बाहेरून एका मासे विकणाऱ्या बाईची हाक आली. ती पाटी उतरवून गाडीच्या सावलीत टेकली होती.

"काय ओ काकानू, गाडीत इसवणाचे मासे भरलास काय? माझ्या पाटयेपेक्षा हिचोच बर्फ जास्त गळता. घरकरीण उकाड्यान मरता आणि तुमी बर्फ रस्त्यार ओततास!"

मी बाहेर जाऊन वाकून पाहिले. गाडीखाली मोठे थारोळे साचले होते. हात लावला, पाणी बर्फासारखे होते. थोडे पाणी अशा गाडीखाली नेहमीच ठिबकते, पण यंत्र बंद होऊन तास उलटल्यावर इतके येत नाही. डॅशबोर्डखालचे खोके उघडले. गार नळ्यांवरील पत्र्याच्या पात्यांत अजूनही बर्फाचे तुकडे अडकले होते. बर्फ झडपेत नव्हता, बाहेर होता. किनाऱ्यावरची दमट हवा पात्यांवर गोठत गेली होती आणि वारा तिथेच अडला होता. पत्नीने जे सांगितले, ते अक्षरशः खरे होते.

कारणही समोरच लोंबत होते. थर्मोस्टॅटची बारीक तांब्याची नळी पात्यांत खोचलेली असते. नळ्या फार गार झाल्या की ती यंत्राला विश्रांती देते. खड्ड्यांत आदळून ती निसटली होती, म्हणून यंत्र थांबतच नव्हते. मी नळी जागी खोचली. बांधायला काही हवे होते. गुरवांनी देवापुढच्या नारळाची शेंडी सोलून तिचा सुंभ वळून दिला.

"डावो कळो पडलो," सुंभ देताना ते म्हणाले.

तो बाईच्या हाकेआधी पडला की नंतर, हे मी विचारले नाही. ज्या जोडाला मी पाना लावणार होतो, तो सोडला असता तर सगळा वायू उडून गेला असता आणि पंपावाचून ती गाडी थंड झाली नसती. एवढे मला ठाऊक आहे. याहून अधिक सांगण्याचा माझा अधिकार नाही.

गाडी सुरू केली. वीस मिनिटांनी कॉम्प्रेसर टक् करून थांबला, थोड्या वेळाने पुन्हा लागला. तो आवाज मी फार कुतूहलाने ऐकत राहिलो.

"आता वारो बरो येता मां?" मी विचारले. पत्नीला असा प्रश्न मी आयुष्यात प्रथमच विचारला असावा.

"येता. पण माका काय कळता त्यातला?" ती म्हणाली.

सव्वातीनला पोहोचलो. तज्ज्ञांनी तिला तपासले, औषध बदलले आणि दोन दिवस तिथेच ठेवून घेतले. ती आजही आहे. शरण जाणे मला नीट जमलेले नाही. त्या दिवशी तासभर हात आवरला, तोही तिच्या आग्रहाने. देवाने तेवढे गोड मानून घेतले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. आणि त्या बाईचाही, जिचे नाव विचारायचे राहून गेले.

त्या दिवशी पत्नीला रुग्णालयातील खाटेवर निजवून मी खाली आलो, गाडी सावलीत घेतली, काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि जमीन उतरती होती म्हणून मागच्या चाकाला दगड लावला.